अपमान गिळा, अर्ज मात्र लिहा

पोरांनो, तरुण संघाच्या परवाच्या बैठकीत मी मागच्या बाकावर बसून तुमचं सगळं ऐकत होते. एक म्हणत होता, आता जशास तसं, किती दिवस गप्प बसायचं? दुसरा म्हणत होता, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलाय, तेव्हा तोंड उघडायचंच नाही. दोघांनीही वचनांचा आधार दिला आणि दोघंही निम्मंच वाचून आले होते. पाळकसाहेब म्हणाले, आजी, तुम्ही सांगा दोन शब्द. तेव्हा वेळ नव्हता, दमही नव्हता, म्हणून हे लिहून देतेय. मी काही धर्मपंडित नाही. घाटी रुग्णालयात नर्स म्हणून आयुष्य गेलं आणि छावणीतल्या चर्चमध्ये रविवार गेले, एवढीच माझी शिदोरी.

पहिली गोष्ट, आधी शत्रू मोजून घ्या. तुम्ही फोनवर जे बघता त्यावरून सगळं शहर आपल्यावर उठलंय असं वाटतं. प्रत्यक्षात तुमच्या गल्लीत तुम्हाला विरोध करणारे किती, ते बोटांवर मोजा. त्यातही सगळे एका माळेचे मणी नसतात. एकाला खरोखरच प्रश्न पडलेला असतो: तुम्ही लोक धर्म का बदलता, बाहेरून पैसे येतात का? त्याला बसवून उत्तर द्यायचं. दुसऱ्याच्या घरातलं कुणीतरी प्रार्थनेला येऊ लागलेलं असतं आणि आपलं माणूस हातचं चाललं म्हणून त्याच्या पोटात कालवाकालव होत असते. तो ओरडतो, पण ते ओरडणं बापाचं किंवा भावाचं असतं. तिसऱ्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला निवडणूक लढवायची असते, नाहीतर व्हिडिओ काढायचा असतो. या तिघांना एकच औषध देऊ नका. तिसरा माणूस पहिल्या दोघांना सोबत घेऊन येतो, आणि आपण तिघांवर सारखेच चिडलो की ते दोघं कायमचे त्याचे होतात.

दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी टिळकांच्या घरातलं उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवराबायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे एकत्र आली तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक चालूच होता. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर आधी ते वाचा, मग घरच्या विरोधावर बोला. नवा विश्वासी झालेला मुलगा घरातले देव उचलून बाहेर ठेवतो आणि त्याला साक्ष म्हणतो, तेव्हा त्याच्या आईच्या तोंडचं पाणी पळतं, हे आपल्याला का दिसत नाही? आईवडिलांचा मान राखा ही आज्ञा बाप्तिस्म्यानंतर रद्द होत नाही. त्याने घरी जावं, आईच्या पाया पडावं, दिवाळीला घर रंगवायला मदत करावी. पूजेला बसणार नाही एवढं शांतपणे सांगावं आणि बाकी सगळी कामं आधीपेक्षा जास्त करावीत.

आपल्याच भागातली एक जुनी हकीकत सांगते. जालना १९८१ पर्यंत आपल्याच औरंगाबाद जिल्ह्यात होतं. तिथे बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवणारे नारायण शेषाद्री मूळचे ब्राह्मण. १८४३ साली ते मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत लहान होता, तोही मिशनऱ्यांकडे गेला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. आता त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर रान पेटलं. त्याला प्रायश्चित्त देऊन घ्यावं म्हणून जे उभे राहिले ते 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर. म्हणजे आपल्या हिशोबाने ते विरोधी पक्षाचे. पण त्यांच्याच लोकांनी त्यांना छळलं, वाळीत टाकण्यापर्यंत वेळ आली. एका पोरापायी दोन्हीकडची माणसं पोळली. म्हणून म्हणते, समोर सगळा एकच जमाव उभा आहे असं समजू नका. त्या जमावात एखादे जांभेकर असतात, त्यांनाही त्यांच्या घरात ऐकून घ्यावं लागत असतं. शेषाद्री मात्र कडू झाले नाहीत. पुढे ते निजामाच्या राज्यात आले, दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवली आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना घेऊन गाव उभं केलं.

आता एक कडू घोट. विरोधकाच्या बोलण्यात खरं किती ते आधी बघायचं. जखम धुतल्याशिवाय मी कधी पट्टी बांधली नाही, आतला पू तसाच राहिला की वरची पांढरी पट्टी काही कामाची नसते. मिशनरी जॉन विल्सनसारखा विद्वान माणूस, मराठी शिक्षणासाठी त्यांनी केलेलं काम कोण नाकारेल? पण १८३२ साली त्यांनी हिंदू धर्माचं पितळ उघडं पाडण्याच्या आवेशात पुस्तक लिहिलं, ती भाषा आज वाचवत नाही. तीच भाषा अजून आपले काही हौशी प्रचारक माईकवर वापरतात. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून आपला देव मोठा होत नाही. पौल अथेन्सला गेला तेव्हा गावभर मूर्ती बघून त्याचा जीव कासावीस झाला होता, पण बोलायला उभा राहिला तेव्हा त्याने लोकांच्या धर्मनिष्ठेपासून सुरुवात केली आणि त्यांच्याच कवींचा दाखला दिला. तुम्ही तुकोबांचा दाखला द्या, टिळकांनी दिलाच होता.

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं तेव्हा तिथे धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्याकडे हे सांगताना सगळा दोष टिळकांवर, म्हणजे बाळ गंगाधरांवर, टाकायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. एका बाईने स्वतःच्या खोलीचं दार का बंद करावं, हा रमाबाईंचा मुद्दा बरोबरच. पण विधवा लेक विश्वासाने सोपवून गेलेल्या बापाचं मनही मला कळतं. यातून मी माझ्यापुरता नियम केला: अठराच्या आतलं कुणाचंही मूल आईबापाला माहीत नसताना आपल्या प्रार्थनेत बसवायचं नाही. नाताळच्या नाटुकल्यात घ्यायचं तरी आईला विचारून. शब्बाथशाळेत गर्दी कमी दिसली तरी चालेल.

त्याचबरोबर: आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण गोळ्या बंद करा असं कुणी सांगितलं तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. टीबीचं औषध अर्ध्यात सोडलेले रुग्ण मी वॉर्डात बघितलेत. धान्य, कपडे, वह्या द्यायच्या असतील तर प्रार्थनेच्या दिवशी, प्रार्थनेच्या जागी देऊ नका. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये हे प्रभूने सांगितलंय, आपण मात्र फोटो काढून अहवालात घालतो, आणि तोच फोटो पुढे आपल्याविरुद्ध तक्रारीला जोडला जातो.

आणि कागद. हे तुमच्यातल्या निम्म्यांना झोंबेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, आपण बाहेरच राहिलो. हा अन्याय आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयात दावे आहेत, लढा. पण चर्चच्या रजिस्टरवर एक धर्म आणि तहसीलच्या दाखल्यावर दुसरा, असं करू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बाप्तिस्मा घेतलेल्या बाईचा असा दावा फेटाळला आणि केवळ सवलतीसाठी धर्म बदलल्याचं सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे असं म्हटलं. ज्याने आपला कागद स्वच्छ ठेवला नाही त्याला विरोधक घाबरवू शकतो, आणि एक माणूस घाबरला की सगळी मंडळी घाबरते.

आता त्या गालाविषयी. डोंगरावरच्या प्रवचनात गाल पुढे करायला सांगणाऱ्या त्याच येशूला महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा तो काय म्हणाला ते योहानाच्या अठराव्या अध्यायात बघा. त्याने हात उचलला नाही, पण गप्पही बसला नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारलंस का, अशा अर्थाचं विचारलं. पौल तर पक्का कायदेवाला. फिलिप्पैला फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडायला आले, तर तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, साहेबांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. म्हणजे अपमान आपला असेल तर गिळायचा. पण मार दुसऱ्याला बसला असेल, चर्चची मोडतोड झाली असेल, एखाद्या म्हातारीला धक्काबुक्की झाली असेल, तर ते गिळायचा आपल्याला अधिकार नाही. माझा गाल माझा, तिचा गाल तिचा.

ग्लॅडिस स्टेन्स आठवा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला तिचा नवरा आणि दोन लहान मुलगे गाडीत झोपलेले असताना जाळून मारले गेले. तिने मारणाऱ्यांना क्षमा केली आणि बारिपदाला कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिली. पण खटला चालला, मुख्य आरोपीला जन्मठेप झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिची क्षमा खटल्याच्या आड आली नाही आणि खटला क्षमेच्या आड आला नाही. हे दोन्ही एकाच मनात कसं राहतं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण राहतं हे तिने दाखवलं.

तर अर्ज कसा लिहायचा? मराठीत, साध्या भाषेत, एका पानात. तारीख, वेळ, जागा, कोण ओळखीचं होतं, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत, शिवी असली तर शिवीसकट. दहा माणसं असतील तर दहा लिहा, शंभर नाही. 'ख्रिस्ती समाजावर भीषण हल्ला' असलं काही लिहू नका, ठाणे अंमलदाराला त्याचा उपयोग नसतो. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. ती पोच म्हणजे तुमचा पुरावा. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून बोळवण करू लागले तर नम्रपणे विचारा: प्रार्थनेत जाणूनबुजून अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे ना? प्रार्थनास्थळाची नासधूस कलम २९८ मध्ये येते. गुन्हा नोंदला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क. नाहीच नोंदला तर तोच अर्ज पोस्टाने शहरात पोलीस आयुक्तांना, खेड्यात पोलीस अधीक्षकांना. जाताना पाच जण जा, पन्नास नको, आणि त्यात एक तरी बाई आणि एक तरी वकील असू द्या. ठाण्यात चढ्या आवाजात बोलणाऱ्या पोराला घरी ठेवा, त्याला चहाचं काम द्या.

आपला अधिकार कुठपर्यंत तेही पाठ ठेवा. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय. पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. निकाल पटो न पटो, माहीत हवा.

मोबाईल हा तर वेगळाच सैतान. घटना घडत असताना एकाने शूटिंग करावं, जरूर करावं. पण ते आधी वकिलाला, मग पोलिसांना. ग्रुपवर टाकलंत की ते मालेगावपर्यंत जाईपर्यंत त्याखाली भलताच मजकूर चिकटलेला असतो आणि उद्या दंगल झाली तर तुमचा नंबर पहिला. या शहराने दंगली पाहिल्यात. रात्री कॅज्युअल्टीत येणाऱ्या माणसाच्या पायजम्यावर रक्त असतं, धर्म नसतो.

जून २०२५ ची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. सांगली भागात एका विवाहितेने जीव दिला, सासरच्यांनी ख्रिस्ती चालीरीतींसाठी छळ केल्याचा आरोप झाला आणि एका आमदाराने जाहीर सभेत पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं बोलून दाखवली. आपला समाज रस्त्यावर आला, ११ जुलैला मुंबईत आझाद मैदानावर जमला. बरं केलं. कुणाला मारायची सुपारी माईकवरून दिली जात असेल तर गप्प बसणं हा भित्रेपणा. पण मला एक खटकलं. आपल्या ग्रुपांवर त्या आमदाराविषयी शेकडो मेसेज आले, त्या मेलेल्या पोरीसाठी प्रार्थना करा असं म्हणणारा एकही माझ्या पाहण्यात आला नाही. खरंखोटं कोर्ट ठरवील. पण आपल्या नावाने एका सुनेचा छळ झाला असेल, या शंकेनेसुद्धा आपली झोप उडायला हवी होती.

आता जरा बरं सांगते. २०२० च्या जानेवारीत धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, 'सुबोध बायबल' लिहिणारे. निवड झाल्यापासून विरोध सुरू झाला, पाद्री कसला मराठी साहित्याचा अध्यक्ष! तेव्हा साहित्य महामंडळाचं कार्यालय आपल्याच शहरात होतं, अध्यक्ष कौतिकराव ठाले पाटील. त्यांना फोनवर धमक्या आल्या. उद्घाटक आपल्या सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर, त्यांनाही जाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. महानोर गेले. दिब्रिटोही गेले, पाठीच्या दुखण्याने हैराण असताना, चाकाच्या खुर्चीवरून. व्यासपीठावर त्यांनी स्वतःवरच्या टीकेचं रडगाणं गायलं नाही, देशातल्या असहिष्णुतेवर आणि मराठी भाषेवर बोलले.

या गोष्टीत दिब्रिटोंच्या धीरापेक्षा मला महानोरांचं जाणं जास्त मोलाचं वाटतं. ते काही ख्रिस्ती नव्हते, ठाले पाटीलही नव्हते. माणसं मागे उभी राहिली कारण दिब्रिटो कित्येक वर्षं त्यांच्यात होते. वसईत पाण्यासाठी, झाडांसाठी ते सगळ्यांबरोबर लढले होते, नुसत्या ख्रिस्ती विहिरींसाठी नाही. आपण काय करतो? वर्षभर छावणी ते शाळा, शाळा ते छावणी, आपलीच लग्नं, आपलीच प्रीतिभोजनं. आणि संकट आलं की म्हणतो, शेजारी कुणी बोललं नाही. शेजाऱ्याला तुमचं नाव तरी माहीत आहे का? जयंतीच्या मिरवणुकीत पाणी वाटायला उभे राहा, ईदला शीरखुर्मा खायला जा, सोसायटीच्या मीटिंगला जा, गटाराच्या तक्रारीवर सही करा.

गणपतीच्या वर्गणीचा प्रश्न दरवर्षी येतो. मी मूर्तीसाठी देत नाही, तसं हसून सांगते, आणि मंडळाच्या रक्तदान शिबिराला बँडेज, कापूस, बिस्किटं देते. आमच्या गल्लीतल्या मंडळाने मला कधी वाकडं बोललेलं नाही. प्रसाद आला तर दोन्ही हातांनी घ्यायचा. खायचा की नाही यावर करिंथकरांच्या पत्रापासून आजतागायत एकमत नाही, तुमच्या विवेकाला विचारा. पण आणणाऱ्याच्या तोंडावर दार लावू नका.

शत्रूंचा विषय निघालाच आहे तर बाहेरच्यांबरोबर आतलेही बघा. चर्चच्या जमिनी, ट्रस्टची खाती, पंचांच्या निवडणुका यावरून ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसांवर घातलेले खटले आठवले की वाटतं, बाहेरून कुणी यायची गरजच काय! जो तरुण उद्या विरोधकांसमोर छाती काढणार आहे, त्याने आधी आपल्या मंडळीचा जमाखर्च मागायची हिंमत दाखवावी.

आणि प्रार्थना. शत्रूंसाठी प्रार्थना करा हे आपण इतक्या वेळा म्हणतो की तिला काही चव उरलेली नाही. 'हे प्रभो, आमच्या शत्रूंना सद्बुद्धी दे', ही प्रार्थना नाही, टोमणा आहे. नाव घेऊन करा. त्याचं नाव, त्याच्या बायकोचं माहीत असेल तर तेही. त्याच्या मुलाला नोकरी लागू दे, त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट होऊ दे. मात्र हे घरी, दार लावून. चर्चमध्ये माईकवर नाव घेतलंत की संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जातं आणि त्या प्रार्थनेची चुगली होते. नाव घेऊन प्रार्थना करायला लागलात की त्याच्याविषयी माहिती गोळा करावी लागते, कुठे राहतो, काय करतो, कशाला वैतागलाय. माहिती काढता काढता कळतं की त्याची बहीण आपल्याच शाळेत शिकलेली, नाहीतर तो आपल्याच पेठेत भाजी घेतो. मग एखाद दिवशी भाजीवाल्याकडे भेटला तर आधी तुम्ही नमस्कार घाला. त्याने मान फिरवली तर फिरवू दे, पुढच्या खेपेला पुन्हा घाला.

अर्जाचा कच्चा नमुना मी पाळकसाहेबांकडे देऊन ठेवलाय. झेरॉक्स काढून प्रत्येकाने घरी ठेवा, आणि खाली वकिलांचा नंबर स्वतःच्या हाताने लिहा, फोन ऐन वेळी बंद पडतात.